आपली गोष्ट आपणच सांगायची, दुखण्यासकट

माझ्या धाकट्या चाचांचं तोंड नीट उघडेनासं झालं तेव्हा घरात सगळ्यांना सांगितलं गेलं की अक्कलदाढेचा त्रास आहे. वर्षभराने जबड्याचं ऑपरेशन झालं. तेव्हा खानदानाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मीच मेसेज टाकला की चाचांचं दाताचं छोटं ऑपरेशन झालंय, दुआ करा. खाली आमीनची रांग लागली. कॅन्सर हा शब्द कुणी लिहिला नाही. मावा हा शब्द तर कुणीच नाही. ग्रुपमधल्या निम्म्या पुरुषांच्या खिशात त्या वेळी माव्याची पुडी असणार, हे मला माहीत होतं.

चाचा इचलकरंजीत तीस वर्षं यंत्रमागावर होते. बारा-बारा तासांची पाळी, त्यात एक आठवडा दिवसाची आणि एक आठवडा रात्रीची. रात्री डोळा लागला की धागा तुटतो, कापडात फॉल्ट येतो आणि पैसे कापले जातात. म्हणून मावा. पानपट्टीवर सुपारी, तंबाखू आणि चुना घासून प्लास्टिकच्या तुकड्यात बांधून देतात, तो. तंबाखूच्या छापील पाकिटावर २०१६ पासून ८५ टक्के जागेत सडलेल्या तोंडाचं चित्र छापावं लागतं. हाताने घासलेल्या माव्याच्या पुडीवर कसलंच चित्र नसतं. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पण चाचांना त्या बंदीची झळ कधी लागली नाही.

याच काळात मी पुण्यात कंपनीच्या सामाजिक उपक्रमासाठी तंबाखू सोडवणारं एक ॲप बनवत होतो. रोज सकाळी एक मेसेज, आठवड्याला एक छोटा व्हिडिओ. मेसेज किती जणांनी उघडला, व्हिडिओ किती सेकंद पाहिला, याचे आलेख होते. आलेख चांगले दिसायचे. चाचांच्या फोनमध्ये ते ॲप मीच टाकून दिलं होतं. नंतर एकदा मी विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "बघतो की रोज. तू केलायस म्हणून बघतो." त्यांनी प्रत्येक व्हिडिओ मावा चघळत पाहिला होता. आमच्या आलेखात त्याची नोंद 'पूर्ण पाहिला' अशी झाली होती.

हे सगळं सांगण्याचं कारण असं की आरोग्याचा प्रश्न हा माहितीचा प्रश्न आहे, असं मी इंजिनिअर म्हणून धरून चाललो होतो. माहिती पोचवली की माणूस बदलतो. आपल्याकडचे बहुतेक आरोग्यपट याच समजुतीवर उभे आहेत. थिएटरमध्ये सिनेमाआधी एके काळी दाखवली जायची ती मुकेशची जाहिरात आठवा. तोंडाच्या कॅन्सरने गेलेला एक तरुण मुलगा, आपल्याच महाराष्ट्रातला, स्वतःच्या तोंडाने स्वतःचं दुखणं सांगत होता. याहून खरं काय असतं? तरीही लोकांनी त्याचे विनोद केले, नकला केल्या. मीही हसलोय. आज त्याची लाज वाटते, पण तसं का झालं हेही समजून घ्यायला हवं. पडद्यावरचा मुकेश आमच्या ओळखीचा नव्हता, हॉलमध्ये शेजारी बसलेला माणूसही ओळखीचा नव्हता, आणि जाहिरात संपली की लगेच सिनेमा सुरू व्हायचा. ते ऐकून ज्याला काही बोलावंसं वाटलं असेल त्याने ते कुणाला सांगायचं?

कॅनडातल्या एका सहकाऱ्याशी बोलताना मी ही तक्रार केली. त्याने मला एका जुन्या चित्रपटाचं नाव सांगितलं, 'द ऑनर ऑफ ऑल'. तो १९८५ साली बनला. दिग्दर्शक फिल लुकस हे स्वतः चॉक्टॉ या आदिवासी समाजातले. गोष्ट आहे कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातल्या अल्कली लेक या छोट्या वस्तीची. तिथे सेक्वेपेम्क आदिवासी राहतात, आणि वस्तीची लोकसंख्या तेव्हा काही शेकड्यांत होती.

१९४० च्या सुमाराला तिथे एका व्यापाऱ्याने दुकान टाकलं आणि कातड्यांच्या बदल्यात मालाबरोबर दारूही देऊ लागला. पुढच्या पंचवीस-तीस वर्षांत गाव दारूत बुडालं. जवळजवळ प्रत्येक मोठं माणूस पिणारं. मारहाण, अपघात, उपाशी मुलं. आसपासचे लोक गावाला 'अल्कोहोल लेक' म्हणून हिणवायचे. १९७२ मध्ये फिलिस चेल्सी नावाच्या बाईंची लहान मुलगी आजीच्या घरून परत यायला तयार होईना. तुम्ही दोघं पिता म्हणून मी येणार नाही, असं तिचं म्हणणं. त्या दिवशी फिलिस यांनी दारू सोडली. थोड्याच दिवसांत त्यांचे पती अँडी यांनीही सोडली. काही काळ अख्ख्या वस्तीत न पिणारी जवळपास एवढीच दोन माणसं होती.

इथून पुढचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण तो भाषणांचा नाही, कामाचा आहे. अँडी वस्तीचे प्रमुख निवडून आले. सरकारी मदतीचे पैसे रोख मिळाले की दारूत जायचे, म्हणून रोख रकमेऐवजी अन्न आणि कपड्यांसाठी कुपनं सुरू केली. चोरून दारू विकणाऱ्यांना पकडून देण्यासाठी पोलिसांशी मिळून खुणा केलेल्या नोटा वापरल्या. आणि जो माणूस उपचाराला जाईल त्याची मुलं शेजारी सांभाळायचे, तो परत येईपर्यंत त्याचं घर दुरुस्त करून ठेवायचे, त्याच्यासाठी काम शोधायचे. जुने ढोल, नाच, भाषा आणि शुद्धीचे विधी पुन्हा सुरू झाले. एक-एक घर करत गाव बाहेर आलं. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत वस्तीतली बहुसंख्य मोठी माणसं दारूपासून दूर होती. ९५ टक्के हा आकडा त्या गावाबद्दल नेहमी सांगितला जातो.

चित्रपट आला तो या सगळ्यानंतर, तेरा वर्षांनी. त्यात बाहेरचे नट आणले नाहीत. गावातल्या माणसांनीच भूमिका केल्या, आणि बऱ्याच जणांनी स्वतःच्याच. जरा विचार करा, काय मागितलं गेलं होतं त्यांच्याकडून. कॅमेऱ्यासमोर पुन्हा झिंगायचं, आपल्याच बायकोवर पुन्हा ओरडायचं, आपली मुलं ज्या अवस्थेत सोडून दिली होती ती अवस्था पुन्हा उभी करायची. आणि हे कुणासमोर? 'दारुडा इंडियन' ही शिवी पिढ्यान्‌पिढ्या देत आलेल्या जगासमोर.

तो चित्रपट पुढे कॅनडा-अमेरिकेतल्या अनेक आदिवासी वस्त्यांत दाखवला गेला. अल्कली लेकची माणसं स्वतः तिथे जाऊन बसायची, शिबिरं घ्यायची. चित्रपट संपल्यावर लोक गोलात बसायचे आणि बोलायचे. आदिवासी समाजांत गोष्ट सांगण्याची हीच जुनी पद्धत आहे. सांगणारा तात्पर्य हातात देत नाही, ऐकणारा आपलं आयुष्य त्या गोष्टीशेजारी ठेवून बघतो, आणि मग त्याची पाळी आली की बोलतो. कॅमेरा नवीन होता, बाकी सगळं जुनंच होतं.

मी तो चित्रपट पाहिला तेव्हा आमच्या ॲपमध्ये काय चुकलं ते कळलं. आम्ही माहिती देत होतो, त्यांनी साक्ष दिली. आमचा व्हिडिओ बघणारा एकटा होता, त्यांचा बघणारा समूहात होता. आणि आमच्या व्हिडिओत सोडणाऱ्या माणसासाठी कुणी काहीच करत नव्हतं. 'सोडा' एवढंच सांगत होतो. रात्रपाळीला जागं कसं राहायचं, याचं उत्तर आमच्याकडे नव्हतं.

आणखी एक उदाहरण सांगतो. कॅनडाच्या उत्तर ध्रुवीय भागात इग्लूलिक नावाचं इनुइट गाव आहे. टीव्ही येणार म्हटल्यावर या गावाने १९७५ आणि १९७९ मध्ये मतदान घेऊन दोनदा नकार दिला, कारण त्यावर त्यांच्या इनुक्टिटुट भाषेत काहीच नव्हतं. आपल्या भाषेतले कार्यक्रम सुरू झाल्यावर १९८३ मध्ये त्यांनी टीव्ही घेतला. याच गावच्या झकारियास कुनुक यांनी १९८१ मध्ये स्वतः कोरलेल्या मूर्ती मॉन्ट्रियलला विकून कॅमेरा आणला. २००१ मध्ये त्यांचा 'अटानार्जुआट' हा चित्रपट आला, पूर्ण इनुक्टिटुटमध्ये, आणि कान महोत्सवात पहिल्या चित्रपटासाठीचा पुरस्कार घेऊन गेला. कथा पिढ्यान्‌पिढ्या तोंडी चालत आलेली होती. गावातल्या अनेक वृद्धांकडून ती ऐकून, सगळी रूपं जुळवून पटकथा तयार झाली. मूळ कथेत शेवटी नायक शत्रूंना मारून सूड घेतो. चित्रपटात तो मारत नाही, सुडाची साखळी तिथेच तोडतो. बाहेरच्या कुणी हा बदल केला असता तर लोकांनी त्याला हाकलून दिलं असतं. गोष्ट ज्यांची आहे त्यांनी तिचा शेवट बदलला, म्हणून तो समाजाला मान्य झाला. समाजबदल म्हणतात तो बहुतेक असाच होतो.

आता आपल्याकडे येतो.

हे सगळं मी मित्रांसमोर मांडलं तेव्हा पहिला आक्षेप आला तो असा. आधीच पडद्यावर मुसलमान दिसला की तो गुंड असतो किंवा दहशतवादी. बातम्यांत मालेगावची 'कुत्ता गोली' आणि मुंब्र्याची एमडी रोज रंगवून दाखवतात. त्यात आपणच आपली व्यसनं, आपली आजारपणं चव्हाट्यावर मांडायची? घरची धुणी बाहेर का धुवायची?

हा आक्षेप मी हलका मानत नाही. ही भीती खरी आहे, आणि अनुभवातून आलेली आहे. पण दोन गोष्टींचा विचार करावा. एक, आपण गप्प बसल्याने बदनामी थांबलेली नाही. ती गोष्ट दुसरं कुणीतरी सांगतंच आहे, त्याला हवी तशी. आपल्या गप्प बसण्याने फक्त आजारी माणूस एकटा पडतो. माझे चाचा वर्षभर अक्कलदाढेच्या नावाखाली फिरले. त्या वर्षात गाठ वाढली. डॉक्टरांनी नंतर सांगितलं की आधी आला असतात तर जबडा वाचला असता. आमच्या घराची अब्रू त्या वर्षभर शाबूत राहिली, चाचांचा जबडा राहिला नाही.

दुसरी गोष्ट, अल्कली लेकच्या लोकांसमोर नेमका हाच प्रश्न होता. त्यांनी जे दाखवलं त्यात फक्त दारुडा माणूस नव्हता. दारू आणणारा व्यापारीही होता. पुढे व्यसन सुटल्यावर त्याखालची आणखी जुनी जखम उघडी पडली. त्या भागातल्या मुलांना घरापासून तोडून सेंट जोसेफ्स मिशनच्या वसतिशाळेत ठेवलं जायचं, तिथे त्यांच्यावर अत्याचार झाले होते. त्या शाळेवरचा 'शुगरकेन' हा माहितीपट २०२४ मध्ये आला, ऑस्करच्या नामांकनापर्यंत गेला. त्याचा एक दिग्दर्शक ज्युलियन ब्रेव्ह नॉइसकॅट हा त्याच सेक्वेपेम्क समाजातला, आणि त्यात त्याने आपल्या वडिलांची गोष्ट सांगितली आहे. म्हणजे एकदा समाज खरं बोलू लागला की तो स्वतःची चूकही सांगतो आणि स्वतःवर झालेला अन्यायही. दोन्ही एकाच तोंडाने. आपली चूक लपवणाऱ्याला अन्यायाबद्दल बोलतानाही चाचरावं लागतं.

आपल्याकडे हे जमेल का, असं विचारणाऱ्यांनी मालेगावकडे बघावं. यंत्रमागाच्या या गावात पोरांनी सायकली आणि बैलगाड्यांवर कॅमेरा बांधून 'शोले'ची नक्कल केली, सुपरमॅन उडवला, आणि गावाने तिकीट काढून पाहिलं. फैझा अहमद खान यांचा 'सुपरमेन ऑफ मालेगाव' (२००८) हा माहितीपट या सगळ्यावर आहे. त्यात सुपरमॅन झालेला शफीक हा किडकिडीत यंत्रमाग कामगार. पुढे काही वर्षांतच तो तोंडाच्या कॅन्सरने गेला. त्याचं आयुष्य रीमा कागती यांच्या 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' या चित्रपटातही आलं. मला या दोन चित्रपटांनी रडवलं, कारण शफीकचं काम, शफीकचं दुखणं आणि माझ्या चाचांचं दुखणं एकच. ज्या गावाला सिनेमाचं एवढं वेड, ज्या गावाचा सुपरमॅनच या आजाराने गेला, तिथे आणि इचलकरंजीत, भिवंडीत, सोलापुरात, आपण अजून सरकारी जाहिरातीची वाट का बघतो?

गोष्ट सांगण्याची परंपराही आपली आहेच. सगनभाऊंची लावणी आणि अमर शेखांचे पोवाडे महाराष्ट्राला आपल्यातल्याच माणसांनी दिले. मोहरमच्या दिवसांत आमच्याकडे रिवायती म्हणणारे म्हातारे अजून आहेत. माझ्या नानीला जात्यावरची गाणी पाठ होती. कव्वालीला बसलेल्या माणसाला कुणी 'जनजागृती' करतंय असं वाटत नाही, आणि तरी तो उठतो तेव्हा काहीतरी घेऊन उठतो.

म्हणून माझी सूचना साधी आहे. एका मोहल्ल्याची एक फिल्म. वीस मिनिटांची, मोबाइलवर काढलेली, आपण घरात बोलतो त्या भाषेत. पण काही अटी पाळून.

पहिली अट, आधी काम. फिल्म दाखवायच्या दिवशी हॉलमध्ये दातांचे डॉक्टर टॉर्च घेऊन बसलेले हवेत. तीन बोटं उभी करून तोंडात जातात का, हे प्रत्येकाने तिथल्या तिथे बघायचं. जात नसतील, किंवा तोंडात पांढरा-लाल चट्टा किंवा न भरणारी जखम असेल, तर त्याच दिवशी तपासणी. पुढे कुठल्या दवाखान्यात जायचं, योजनेची कागदपत्रं कोण भरून देणार, माणूस ॲडमिट असताना घराचं रेशन कोण बघणार, हे आधी ठरलेलं हवं. हे नसेल तर फिल्म काढू नये.

दुसरी अट, ज्याची गोष्ट त्याचा हक्क. काय दाखवायचं आणि कुठे दाखवायचं हे तो आणि त्याच्या घरच्या बायका ठरवतील. व्यसनाची गोष्ट नवऱ्याची असते तशी बायकोचीही असते, आणि तिला सहसा कुणी विचारत नाही. मोहल्ल्यात दाखवलेली फिल्म इंटरनेटवर टाकायलाच पाहिजे असं अजिबात नाही. आपल्या माणसांसाठी काढली, आपल्या माणसांनी पाहिली, एवढं पुरे.

तिसरी अट, कारणासकट सांगायचं. माणूस मावा का खातो यात बारा तासांची रात्रपाळीही आली पाहिजे, कापलेली मजुरी आली पाहिजे, आणि बंदी असून माल गावात कसा येतो हेही आलं पाहिजे. नाहीतर फिल्म गरिबालाच गुन्हेगार ठरवून मोकळी होईल.

चौथी अट, फिल्म संपली की दिवे लावायचे आणि खुर्च्या गोलात मांडायच्या. भाषण कुणी करायचं नाही. मौलानासाहेब आले, नगरसेवक आले, तरी त्यांनी आपली स्वतःची गोष्ट सांगावी, नाहीतर ऐकावी.

ॲपचं काय, असं मला कंपनीतल्या मित्राने विचारलं. ॲप राहू दे. सोडल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत, तलफ येते त्या वेळी, चार ओळखीच्या माणसांना एकदम फोन लावणारं एक बटण त्यात मी घालतोय. ते बटण कुणी किती वेळा दाबलं याचा आलेख ठेवणार नाही.

गेल्या ईदला मी चाचांसमोर हा विषय काढला. चाची लगेच म्हणाली, "लोगां क्या बोलेंगे?" तिचं बरोबर होतं, आणि मी गप्प बसलो. चाचांची जीभ आता नीट वळत नाही, बोललेलं आम्हा घरच्यांनाच कळतं. त्यांनी खिशातली वही काढली, जेवताना काही हवं असलं की ते त्यात लिहून दाखवतात. त्यांनी लिहिलं, "माझं काम दुसऱ्या कुणी करायचं नाही. मीच करणार." मग वही परत ओढून घेतली आणि खाली आणखी एक ओळ लिहिली, "पण तरुणपणीचा कोण? हिरो चांगला बघ."

चाची हसली. ती अजून हो म्हणालेली नाही, आणि तिने हो म्हटल्याशिवाय आम्ही कॅमेरा काढणार नाही. पण त्या रात्री मी खानदानाच्या ग्रुपवर दोन वर्षं उशिरा खरा मेसेज टाकला. चाचांना तोंडाचा कॅन्सर झाला होता, माव्यामुळे, आणि आम्ही तो लपवला होता. बराच वेळ कुणी काही लिहिलं नाही. मग माझ्या एका मामेभावाने ग्रुपवर नाही, मला एकट्याला मेसेज केला. त्याच्या तोंडात दोनच बोटं जातात, असं त्याने लिहिलं होतं. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं डॉक्टरांकडे गेलो.

तुमच्या घरातही अशी एखादी 'अक्कलदाढ' असेल. तिचं खरं नाव घरात एकदा मोठ्याने घ्या. फिल्मचं नंतर बघू.